कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉक्टरांना खुलं पत्र: पेशंट पहिल्या आठवड्यात पाठवा

आदरणीय सर, मॅडम आणि मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र जिल्ह्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना, न्यूरोसर्जनना, फिजिशियनना आणि चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत बारा तालुक्यांत रात्री-अपरात्री पेशंट बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना आहे. मी पुनर्वसन वैद्यकाची डॉक्टर, म्हणजे आजारानं किंवा अपघातानं अधू झालेल्या माणसाला पुन्हा स्वतःचं स्वतः करायला शिकवणाऱ्या शाखेची. आपल्यापैकी बऱ्याच जणांना मी ओळखते, काहींच्या हाताखाली शिकलेही आहे. मागणी एकच आहे. मणक्याला मार लागलेला, पक्षाघात झालेला किंवा पाय काढावा लागलेला पेशंट पहिल्या आठवड्यात आमच्या नजरेखालून जाऊ द्या. आज बहुतेक जण आमच्याकडे येतात ते तीन-चार महिन्यांनी, सगळे उपाय करून थकल्यावर. तोवर जे बिघडलेलं असतं, त्यातलं बरंचसं बिघडायचं काही कारणच नसतं.

राधानगरी तालुक्यातल्या एका तरुणाचं सांगते. फणस काढताना झाडावरून पडला, छातीच्या शेवटच्या मणक्याशी मज्जारज्जू चिरडला. शस्त्रक्रिया वेळेत झाली आणि उत्तम झाली. एक्स-रे मी स्वतः पाहिलाय, एकही स्क्रू तसूभर इकडचा तिकडे नव्हता. टाके सुकत आले तसं घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं, पुन्हा दाखवायची तारीख आणि तळाला ‘फिजिओथेरपी करणे’, एवढंच.

माझ्याकडे आला तेव्हा ऊस तुटायला लागला होता. पाठीवरची चादर बाजूला केली तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम, तिच्या तळाशी हाड दिसत होतं. दोन्ही टाचा काळ्या पडलेल्या. गुडघे वाकून आखडलेले, सरळ करायला गेलं की अख्खा माणूस हलायचा. लघवीची नळी कधी बदलली ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. आई उशाशी उभी होती. म्हणाली, “मॅडम, मणका मोडलाय म्हणून त्याला आम्ही जरासुद्धा हलवला न्हाई. गादी मऊ घातली, झोप लागली की उठवला न्हाई.” त्या माउलीनं जिवापाड सांभाळला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा बदलायची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर मणका स्थिर झालाय, आता पोराला हलवलं तरी चालतं, हेही नाही.

जखम भरायला, प्लास्टिक सर्जनकडून त्यावर मांस फिरवून घ्यायला, गुडघे सोडवायला अख्खं वर्ष गेलं. चाकाच्या खुर्चीत बसायला शिकणं त्याच्यानंतर सुरू झालं. म्हशी विकल्या होत्या त्या विकल्याच.

दुसरा पेशंट कागलचा. मार त्याच मणक्याला, तेवढाच पूर्ण, म्हणजे पायांची हालचाल आणि जाण दोन्ही गेलेली. त्याच्या सर्जननी मला दुसऱ्याच दिवशी फोन केला. आयसीयूतच कूस बदलण्याचं वेळापत्रक कॉटला लावलं. पावलं खाली लोंबू नयेत म्हणून स्प्लिंट घातले. पलंगावर बसवता आलं तसं त्याला दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायला शिकवलं, दर पंधरा-वीस मिनिटांनी. मग फळीवरून सरकत कॉटवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कॉटवर. पायांना जाण नाही म्हणजे भाजलं, खरचटलं तरी कळणार नाही. म्हणून रोज रात्री आरसा धरून स्वतःचं बूड आणि टाचा तपासायच्या, लाल दिसलं तर त्या बाजूवर झोपायचं नाही.

आणि लघवी. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण मणक्याच्या पेशंटचं आयुष्य मूत्रपिंडावर ठरतं. कायमची नळी म्हणजे आज सोय आणि पुढे खडे, जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाला जखमा. अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की निर्जंतुक हातमोजे वगैरे काही नसताना, नुसते साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी एवढ्यावर पेशंट स्वतःच दर चार-सहा तासांनी मूत्राशय रिकामं करू शकतो. कागलच्या या गड्याला पहिल्यांदा नळी हातात दिली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी त्याला एकदाही घाई केली नाही. आमच्याकडे शिकून गेलेला एक जुना पेशंट बोलावला, पडदा ओढला, दोघांना आत सोडलं. बाहेर आले तेव्हा काम झालं होतं. प्यायचं पाणी मोजून, एका वेळी निघणारी लघवी चारशे-पाचशे मिलीच्या आत ठेवून, वहीत लिहून तो आता स्वतःचं स्वतः सांभाळतो. घराच्या पुढच्या खोलीत शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करतो. बाजूला दोन चाकं बसवलेल्या गाडीवरून तांब्याची तार आणायला कोल्हापुरात एकटा येतो.

दोघांचेही पाय आजही हलत नाहीत. मज्जारज्जूला आम्हीही काही करू शकलो नाही. फरक पडला तो पहिल्या आठवड्यातल्या एका फोननं.

या शाखेचा इतिहासच असा आहे. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक पुढे दगावले ते पाठीवरच्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं. डॉक्टरांनीही आशा सोडलेली असायची. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गटमन यांनी वॉर्ड हाती घेतला आणि कूस बदलणं, मूत्राशय, व्यायाम, काम, खेळ हे सगळं एकाच छताखाली, पहिल्या दिवसापासून सुरू केलं. माणसं जगायला लागली. १९४८ मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली, त्यातून आजचं पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक त्यांनी आणलं. कोल्हापूरला तर हे बाहेरून सांगायलाच नको. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली, आणि किती मुलांनी तिथं राहून शिक्षण घेतलं, रोजगार मिळवला. हे सगळं ज्या गावात घडलं, त्या गावात मणक्याचा पेशंट अजूनही जखमा घेऊन का यावा, हे मला सोसत नाही.

मिरजेला एमबीबीएस झाल्यावर एमडीला मी ही शाखा घेतली, तेव्हा घरी आणि बाहेरही सगळ्यांना वाटलं की मार्क कमी पडले असणार. मार्क होते. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, तिथं मी एक वॉर्ड राऊंड पाहिला होता. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कृत्रिम अवयव बनवणारा तंत्रज्ञ, समाजसेविका असे सगळे एका कॉटभोवती उभे आणि पहिला प्रश्न पेशंटला: “तुम्हाला काय करायचंय?” मला तोवर माहीत असलेल्या कुठल्याच राऊंडला हा प्रश्न पहिला विचारला जात नव्हता. मी तिथंच ठरवलं. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांच्याबद्दल नंतर कळलं. १९५४ मध्ये अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्यावर त्यांनी खुर्चीत बसूनच कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, मग न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्याकडे ही शाखा शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला पुनर्वसनाचा विभाग उभा केला. आपल्या देशात या शाखेची मुळं इतकी खोल आहेत.

तो प्रश्न मी आजही पहिला विचारते आणि उत्तरं ऐकून उपचार ठरवते. “धारेला बसायचंय.” “वारीला जायचंय.” “एमआयडीसीत परत मशीनवर उभं राहायचंय.” करवीर तालुक्यातल्या एक काकू, उजवी बाजू गेलेली, बोलणंही अडखळत होतं. त्यांनी डाव्या हातानं नुसतं थापण्याची खूण केली. भाकरी. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं परातीखाली ओलं फडकं घातलं म्हणजे परात फिरत नाही, पिठाचा डबा डाव्या हाताशी आणला, ओटा सोडून टेबलावर गॅस ठेवला आणि बसून काम करायची सवय लावली. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला. काही आठवड्यांनी काकूंनी टोपलीभर करून पाठवल्या, सोबत लसणाची चटणी. त्यांच्या हाताची ताकद किती वाढली याची नोंद माझ्या फाइलमध्ये आहे, पण घरच्यांना विचाराल तर ते भाकरीचंच सांगतील.

पक्षाघाताबद्दल आपल्यातल्या फिजिशियन मंडळींना एक स्पष्ट करते. पहिल्या आठवड्यात पाठवा म्हणजे पहिल्याच दिवशी पेशंटला ओढून उभं करा असं मी म्हणत नाही. २०१५ मध्ये पाच देशांतल्या ५६ केंद्रांवरच्या २१०४ पेशंटांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात पहिल्या २४ तासांत फार जोरानं आणि जास्त वेळ हालचाल करवलेल्यांचं नुकसानच झालेलं दिसलं. घाई नको, पण पडून राहणंही नको. साडेचार तासांच्या आत रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यासाठी आपण आता धडपडतो, ते फार मोठं काम आहे. त्याच्या पुढची धडपड मात्र दवाखान्याच्या दारातच थांबते. गिळताना ठसका लागतोय का हे पाण्याचा पहिला घोट देण्याआधी बघायला हवं. लुळा खांदा उशीवर आधार देऊन ठेवायला हवा. नातेवाईक काखेत हात घालून, दंडाला धरून उठवतात, त्यानं खांदा निखळतो आणि मग महिनोन् महिने असा दुखतो की पेशंट हात हलवूच देत नाही. मूठ वळायला लागलेल्या हातात रबरी चेंडू दाबायला देतात, मी तो काढून घेते. मेंदू नव्यानं जोडण्या करण्याचं काम पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त जोमानं करतो, आणि आपल्याकडे नेमके तेच महिने मालीश, झाडपाला आणि लकव्याचं औषध देणाऱ्या गावांच्या फेऱ्यांत जातात. लोकांचा मी राग करत नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर पुढं कुठं जायचं हे आपण सांगितलं नाही, तर ते कुणाचं ना कुणाचं ऐकणारच.

पाय काढलेल्या पेशंटांचं तेच. मधुमेहानं बोटं काळी पडून आलेल्यांत गुडघा वाचवणं म्हणजे पुढची चाल निम्मी वाचवणं. गुडघ्यावरून कापलेल्याला कृत्रिम पायावर चालायला कितीतरी जास्त दम लागतो, वयस्कर माणूस बहुधा चालणं सोडूनच देतो. आपले सर्जन हे जाणतात आणि गुडघा वाचवतात. मग वॉर्डात कुणीतरी मायेनं त्या गुडघ्याखाली उशी ठेवतं आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी काढा, पालथं झोपवा, क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं बांधायला घरच्या एकाला शिकवा. कृत्रिम पायाचं माप पुढं व्यवस्थित बसतं. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमाराला रबराचा जो पाय घडवला, तो अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. गगनबावड्याच्या भातखाचरात त्याचीच गरज आहे.

जाता जाता एक. पायांची जाण गेलेल्या मधुमेहींना कोल्हापुरी चप्पल घालू देऊ नका. अंगठ्याच्या कडीत जोर लागतो, घसरते, जखम झालेली कळत नाही. मलाही ती चप्पल प्रिय आहे. ज्या हातांना चामड्याची एवढी जाण आहे, त्याच हातांकडून सूक्ष्मरंध्री रबराच्या तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल मी करून घेते, आणि सुभाषनगरातल्या कारागिरांचं काम बघून पेशंट ती हौसेनं घालतात.

फॅमिली डॉक्टरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण तिथं मिनिटं मोजायची असतात. तालमीत मानेवर पडलेला पैलवान असो की हायवेवर गाडीवरून फेकला गेलेला पोरगा, मज्जारज्जू छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर दुखावलेला असेल, तर महिन्यांनी, वर्षांनीही एखाद्या रात्री त्याचं डोकं फुटायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि बीपी एकदम दोनशेच्या घरात जातं. बीपीची गोळी शोधण्याआधी त्याला उठून बसवा, पाय खाली सोडा, कमरेचं सगळं सैल करा आणि नळी बघा. बहुतेक वेळा ती पिळलेली किंवा तुंबलेली असते आणि मूत्राशय तट्ट भरलेलं असतं. नळी मोकळी केली की बीपी डोळ्यांदेखत उतरतं. मूत्राशय रिकामं असेल तर आतडं तुंबलंय का बघा. एवढं न केल्यानं मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो.

हे सगळं आपल्याला कॉलेजात का शिकवलं गेलं नाही, हा प्रश्न रास्त आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात पुनर्वसन वैद्यकाचा विभाग हवा असं आलं, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. २०२३ च्या नियमांत सक्तीच्या विभागांतून तो गळला. कायदा मात्र पुढं गेलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पूर्वीच्या सातऐवजी २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य झालं. त्यात स्नायूंचे आजार आहेत, पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. म्हणजे ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला द्यायला डॉक्टर हवेत, पण तो टक्का वाढू नये म्हणून काम करणारा विभाग असायलाच हवा असं नाही. यासाठी दिल्लीपर्यंत आवाज लावणं चालू आहे आणि मी त्यात आहे. नियम बदलेपर्यंत आपल्या जिल्ह्यातला पेशंट मात्र वाट बघू शकत नाही.

आपल्याला काय करावं लागेल, तर फार थोडं. शस्त्रक्रियेचा किंवा अॅडमिशनचा कागद लिहितानाच एक फोन करा. मी येते, किंवा आमचा फिजिओथेरपिस्ट येतो, कॉटपाशी उभं राहून घरच्या दोन माणसांना शिकवून जातो. त्याचे पैसे पेशंटच्या बिलात लावायचे नाहीत. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून सुटला तरी त्याच्या पुढच्या महिन्यांचा भार बहुतेक घरांच्या अंगावर येतो हे मी रोज बघते. डिस्चार्ज कार्डावर कूस किती वाजता बदलायची, नळी कोणत्या तारखेला बदलायची, लघवी तुंबली तर कुणाला फोन करायचा आणि पुनर्वसनासाठी कोणत्या दिवशी कुठं यायचं, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. नमुना मी तयार केला आहे, मागाल त्याला पाठवते, आपलं नाव घालून वापरा. आजरा, चंदगड, भुदरगडच्या पेशंटला शहरात आणणं जड जातं. गाडीभाडंच परवडत नाही. म्हणून गडहिंग्लजमध्ये महिन्यातून एक दिवस बसायची माझी तयारी आहे, कुणी तिथं एक खोली आणि तळमजला दिला तर. तळमजला म्हणते, कारण ज्यांच्यासाठी यायचं त्यांना जिना चढता येत नाही.

माझ्याकडं पाठवा असा हट्ट नाही. सांगली-मिरज जवळ असेल तर तिकडं पाठवा, मुंबईला ज्यांची सोय आहे त्यांना मुंबईला पाठवा. पहिल्या आठवड्यात पाठवा.

आपली,
कोल्हापुरातील एक पुनर्वसन वैद्यकतज्ज्ञ